पडद्यावरचा नवरा

असुकुलु शिंपी मला पट्ट्याने मारतो, हे केनियातल्या काकुमाच्या सगळ्या निर्वासित छावणीने पाहिलं आहे. आधी आम्हा काँगोवाल्यांच्या मैदानात, मग सोमाली बाजाराच्या मागे, मग कोरड्या नदीपलीकडे सुदानी वस्तीत. जिथे जिथे पडदा बांधला, तिथे तिथे मी किंचाळत खाली पडले आणि तो माझ्यावर धावून आला. पट्टा माझ्यापासून हातभर लांब, मक्याच्या पिठाच्या पोत्यावर पडत होता, हे मी किती जणींना सांगितलं असेल! पण त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यापुढे माझं तोंडी सांगणं कोण ऐकणार?

हे सगळं न्यामालमुळे झालं. न्यामाल ही नुएर जमातीची मुलगी, दक्षिण सुदानची, पण वाढली इथेच. छावणीतल्या सिनेमाच्या वर्गात कॅमेरा धरायला शिकली आणि आता तिची टोळी आमच्यासाठी छोटे छोटे सिनेमे करते. तापावर एक केला, शाळा सोडणाऱ्या मुलींवर एक केला. एकदा तिने आम्हा बायकांना कडुनिंबाखाली जमवलं आणि विचारलं, "आता कशावर करू? तुम्हीच सांगा."

मग मागून एक म्हातारी म्हणाली, "माझ्या जावयावर कर."

सगळ्या हसल्या. हसू ओसरलं तशा एकेकजणी खाली मान घालून मातीत रेघोट्या ओढायला लागल्या. मग कुणीतरी म्हणालं, "खरंच कर. सभेला बोलावलं तर बाप्ये येत नाहीत, पण सिनेमाला पुढची जागा धरून बसतात."

गोष्ट बायकांनीच रचली. नवरा मारतो, बायको सोसते, पोरगी बापाच्या बुटांचा आवाज ऐकला की खाटेखाली लपते. एक दिवस बायको मुलीला घेऊन बायकांच्या केंद्रात जाते, तिथे तिला आधार मिळतो. नवरा एकटा पडतो, लाजतो, मदत मागतो, सुधारतो. बायकोसाठी माझं नाव लगेच ठरलं. मी सकाळी मंदाझी, म्हणजे गोड पुऱ्या, तळून विकते, माझी हाक चार गल्ल्या ऐकू जाते. आणि हरकत घ्यायला मला नवरा नाही. तो काँगोतल्या फिझीच्या डोंगरातच राहिला, मातीखाली.

नवरा व्हायला मात्र एकही पुरुष तयार होईना. "लोक काय म्हणतील?" असं म्हणून जो तो निसटला. त्यात ज्यांचे हात खरोखर चालतात ते सगळ्यात आधी निसटले.

असुकुलु माझा सिनेमातला झगा शिवून द्यायला आला होता. उंच माणूस, जाड भुवया, चेहरा पाहिला तर वाटावं आत्ता भांडेल. पण दारात शेळी बसली असेल तर तिला उठवताना हा तिची माफी मागतो. न्यामाल त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "काका, तुम्ही कराल?"

त्याने घाबरून बायकोकडे पाहिलं. त्याची बायको फेझा माझी मैत्रीण, आम्ही चर्चच्या गाण्यात शेजारी उभ्या राहतो. ती म्हणाली, "जा की, अपेन्देकीचे बाबा. घरात कधी तुमचा आवाज ऐकला नाही, निदान पडद्यावर तरी ऐकू दे."

पहिला दिवस वाया गेला. असुकुलु पट्टा उगारायचा आणि थबकून विचारायचा, "ओनोरीन, लागलं नाही ना?"

"अरे, अजून मारलंच नाहीस!"

"काका, रागवा जरा," न्यामाल सांगायची.

"कुणावर?"

"बायकोवर."

"हिच्यावर? हिने सकाळीच मला दोन मंदाझी फुकट दिल्या."

सगळी टोळी पोट धरून हसत होती. शेवटी न्यामालने त्याला बाजूला नेलं आणि हळूच म्हणाली, "काका, आयुष्यात कधीतरी राग आला असेल ना? ज्याच्यावर आला, तो इथे उभा आहे असं समजा."

असुकुलु पट्टा मुठीत घट्ट धरून जागेवर जाऊन उभा राहिला. मग म्हणाला, "चालू करा." आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला, तो ऐकून मी माझं वाक्यच विसरले. मी खरोखर खाली बसले. न्यामालने तेच ठेवलं, परत घेतलं नाही. नंतर तो भिंतीआड जाऊन तोंड धूत राहिला. मी विचारलं, कोण डोळ्यांपुढे आलं होतं? तो म्हणाला, "माझ्या भावाला नेलं ते लोक." तेवढंच.

सिनेमा पहिल्यांदा आमच्या मैदानात दाखवला तेव्हा ऊन नुकतंच उतरलं होतं. जनरेटर सुरू झाला, पोरं धुळीत मांडी घालून बसली. फेझा पाच वर्षांच्या अपेन्देकीला मांडीवर घेऊन माझ्या शेजारी होती. असुकुलु लाजून मागे उभा. बाप पडद्यावर दिसला तशी पोरगी टाळ्या वाजवायला लागली. "माझा बाबा! माझा बाबा!" आजूबाजूचे हसले. मग पट्टा वर गेला.

"बाबा, नको!"

ती किंकाळी मी अजून विसरलेले नाही. फेझाने तिचे डोळे झाकले, पण आवाज कसे झाकणार? सिनेमाच्या शेवटी नवरा सुधारला, लोकांनी टाळ्या दिल्या, न्यामालने माईक फिरवला, बायका कधी नव्हे ते उभ्या राहून बोलल्या. अपेन्देकीने त्यातलं काहीच पाहिलं नाही. ती आईच्या कुशीत तोंड खुपसून होती. असुकुलु तिला उचलायला आला तेव्हा तिने अंग चोरलं.

बाकीची फजिती आम्ही हसून सोसली. नळावर असुकुलुच्या डब्यापुढे बायका आपले डबे घालायच्या. "थांब जरा, तुझ्या हातात पुष्कळ जोर आहे." एका सोमाली बाईने शिवायला दिलेलं कापड परत नेलं. नदीपलीकडच्या एका सुदानी आजीने तर भर बाजारात त्याच्या पोटरीवर काठी हाणली. मी धावत गेले तर तिने मलाच जवळ घेतलं आणि म्हणाली, "पोरी, परत गेलीस त्याच्याकडे? अक्कल नाही तुला?" मला घरबसल्या सोम्बेच्या पाल्याची भाजी यायला लागली, सुकी मासळी यायला लागली. बायका माझ्या बरगड्या चाचपून बघायच्या. मी फेझाला म्हणाले, "तुझ्या नवऱ्याने आणखी थोडं मारलं तर महिनाभर चूल पेटवायला नको."

पण असुकुलुच्या घरात हसू नव्हतं. अपेन्देकी आईच्या पलीकडे, भिंतीला चिकटून झोपायची. बाप दारात आला की पाण्याच्या डब्यांमागे जायची. तो बूट बाहेर काढून अनवाणी आत यायला लागला. त्याने कापडाच्या तुकड्यांची बाहुली शिवली, ती तिने घेतली, पण त्याच्या हातातून नाही. त्याने जमिनीवर ठेवून मागे सरायचं, मग तिने उचलायची.

"रागावतोस का न्यामालवर?" मी त्याला विचारलं.

"तिने काय केलं? तो चेहरा माझाच होता ना," तो म्हणाला.

न्यामालला कळलं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. प्रत्येक खेळाच्या आधी ती माईकवर सांगायला लागली की हे सगळं खोटं आहे, असुकुलुकाका देवमाणूस आहेत. लोकांना ते पटलं नाही, मग पोरीला काय पटणार? शेवटी एका दुपारी न्यामाल कॅमेरा, पट्टा आणि तेच पिठाचं पोतं घेऊन असुकुलुच्या अंगणात आली. मलाही बोलावलं. अपेन्देकी आईचा झगा धरून उभी होती.

"अपेन्देकी, आज तू मारायचं," न्यामाल म्हणाली.

पट्टा पोरीच्या हातात दिला. तिने घाबरत घाबरत पोत्यावर टेकवला. मी अशी किंचाळले की शेजारच्या कोंबड्या उडाल्या.

"मावशी, लागलं?"

"कुठे? मी तर इथे आहे."

तिने परत मारलं, मी परत किंचाळले. मग तिला चेवच आला. पोत्यातून पीठ उडत होतं, माझा घसा बसत चालला होता आणि पोरगी खिदळत होती. न्यामालने तिला कॅमेऱ्यात तिचाच चेहरा दाखवला. मला वाटलं, झालं, सुटलो.

पण ती एकदम थांबली. पट्टा हातात तसाच. दाराच्या चौकटीत बाप बसला होता, त्याच्याकडे बघत म्हणाली, "मग बाबा रागावला का होता? पोत्यावर?"

मारणं खोटं होतं हे तिला कळलं होतं. पण राग तिने ओळखला होता, आणि तो खरा होता.

असुकुलु उठला नाही, तिच्या जवळही आला नाही. बसल्या जागेवरूनच बोलला. "तुला एक काका होता. मी त्याचा मोठा भाऊ. काही माणसं आली आणि त्याला घेऊन गेली. मला त्यांचा फार राग आला होता, पण तेव्हा मी ओरडू शकलो नाही. आम्ही गवतात लपलो होतो. ओरडलो असतो तर तुझ्या आईलाही नेलं असतं. तो राग माझ्यात राहिला. कॅमेऱ्यासमोर तो बाहेर आला."

"आईवर नव्हता?"

"नाही."

"माझ्यावर?"

"कधीच नाही."

तिने गल्लीकडे पाहिलं. "ती माणसं इथे आहेत?"

"नाहीत. लांब आहेत. आपल्या गावाकडच्या मोठ्या तळ्याच्याही पलीकडे."

फेझा भिंतीकडे तोंड करून उभी होती. गवतातल्या त्या दिवसाबद्दल हे दोघं एकमेकांशीसुद्धा कधी बोलले नव्हते, हे तिने मला नंतर सांगितलं.

अपेन्देकी पोत्याजवळ गेली. "बाबा, आता तू ओरड," म्हणाली आणि पट्टा मारला. असुकुलुच्या तोंडून कसाबसा "आई गं" निघाला.

"असं नाही! मावशीसारखं!"

त्याने परत प्रयत्न केला. पोरीने मान हलवली, तोंड वाकडं केलं आणि त्याला ओरडायचं कसं ते शिकवायला त्याच्या जवळ जाऊन उभी राहिली. जवळ, म्हणजे अगदी गुडघ्याला टेकून. त्याने हात मांडीवरच ठेवले. तिने स्वतः धरले तेव्हाच ते हलले.

यानंतर काही दिवसांनी विलोन्जा असुकुलुच्या दुकानात आला. हा आमच्याच भागातला तरुण, मोटारसायकलवरून लोकांची ने-आण करतो. मी बाकावर बसून माझ्या पोलक्याची वाट बघत होते. विलोन्जाच्या हातात एक विजार होती, ती कुठे फाटली आहे ते त्यालाच सापडेना. तो कधी असुकुलुकडे, कधी माझ्याकडे बघत होता. मग विजार बाजूला टाकून म्हणाला, "भाऊ, तुम्ही कसं थांबवलंत?"

"काय?"

"हेच." त्याने मान माझ्याकडे वळवली. "त्या तुमच्या दुकानात येऊन बसतात. घाबरत नाहीत. मी घरात पाऊल टाकलं की सिफा श्वास रोखते. मला ऐकू येतं. दरवेळी ठरवतो, आता नाही. मग होतंच."

असुकुलुचा पाय मशीनवर थांबला. मला वाटलं, हा आता सांगेल की अरे, ते सगळं खोटं होतं. आणि वाटलं, सांगू नये. या माणसाने किती दिवस स्वतःला समजावून इथवर पाय ओढत आणले असतील.

पण असुकुलुला खोटं बोलता येत नाही. "विलोन्जा, मी बायकोवर कधी हात उचललेला नाही," तो म्हणाला. "तो सिनेमा होता. ही ओनोरीन माझी शेजारीण आहे. थांबवायचं कसं ते मला ठाऊक नाही."

विलोन्जाचा चेहरा असा झाला की मला बघवेना. त्याने विजार उचलली आणि उठला.

"बस," असुकुलु म्हणाला. "थांबवायचं ठाऊक नाही. राग मात्र ठाऊक आहे. बस इथे."

तो उभाच राहिला. मग मीच विचारलं, "सिफा कुठे आहे आत्ता?"

"घरी." मग विजार चुरगळत म्हणाला, "हात सुजलाय तिचा."

मी पोलकं तिथेच सोडून निघाले. जाताना असुकुलुला म्हणाले, "याला उठू देऊ नकोस."

सिफाने दार अर्धंच उघडलं. पाठीवर तान्हं बांधलेलं, डावा हात पदराखाली. मला पाहून तिचे डोळे भरले. "ताई, तुम्ही पण सोसलंत. म्हणून आलात ना?"

"मी पोत्याजवळ पडून ओरडले गं," मी म्हणाले. "सोसलंस तू."

ती रडता रडता हसली. तिला कधीपासून निघायचं होतं, फक्त दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत एकटीने जायची भीती वाटत होती. लोक बघतील, विचारतील. मी म्हणाले, "माझ्याबरोबर चल. माझ्याकडे बघायची लोकांना सवय झालीय." बाळाचे दोन कपडे आणि एक पातेलं घेऊन आम्ही निघालो. बायकांच्या केंद्रात तिच्या हाताला पट्टी बांधली, बाळाला दूध दिलं, आणि ती काही दिवस तिथे राहून मग दुसऱ्या टोकाला बहिणीकडे राहायला गेली.

विलोन्जा रोज दुपारी दुकानात यायला लागला. असुकुलु त्याला जुने कपडे उसवायला द्यायचा. एकेक टाका ब्लेडने सोडवायचा, कापड फाटू द्यायचं नाही. सुरुवातीला त्याने कितीतरी बाह्या फाडल्या. दोघं तासन्‌तास बसायचे, कधी बोलायचे, कधी नुसती मशीन बोलायची. काय बोलायचे ते असुकुलुने कुणाला सांगितलं नाही, फेझालासुद्धा नाही. न्यामालने केंद्रातल्या एका जाणत्या माणसाची ओळख करून दिली होती, विलोन्जा त्याच्याकडेही जायचा.

सगळं सरळ झालं असं नाही. एका संध्याकाळी तो पिऊन सिफाच्या बहिणीच्या दारात गेला आणि आरडाओरडा केला. तिथल्या लोकांनी त्याला घेरलं. असुकुलु धावत गेला, त्यांना हात जोडले आणि त्याला दंडाला धरून घेऊन आला. दुसऱ्या दिवशी विलोन्जा दुकानात आला नाही. असुकुलुने मशीनवर कापड टाकलं आणि त्याच्या घरी जाऊन त्याला आणलं. मी म्हणाले, "कशाला एवढं करतोस? तुझा कोण लागतो?" तो म्हणाला, "त्याने सिनेमा पाहून मला विचारलं. दुसऱ्या कुणाला विचारायला जाणार?"

सिफाने निरोप धाडला की दारू पिऊन परत आलास तर बाळाचं तोंड दिसणार नाही. त्यानंतर तो प्यायला नाही. निदान आम्हाला दिसलं नाही.

वाऱ्या-धुळीचे दिवस सरले तेव्हा सिफानेच सांगितलं की रविवारी चर्च सुटल्यावर ती असुकुलुच्या अंगणात येईल. परत नांदायला नाही. फक्त बाळ दाखवायला, आणि फेझा आणि मी तिथे असलो तरच.

न्यामालही आली होती. तिच्या खांद्याला पिशवी होती. तिने सिफाला बाजूला घेऊन विचारलं, "थोडंसं घेऊ का? तुझा चेहरा दाखवणार नाही."

"नको," सिफा म्हणाली. "हे माझं आहे."

न्यामालने मान हलवली, पिशवी घरात नेऊन ठेवली आणि फेझाबरोबर मक्याच्या पिठाची उगाली घाटायला बसली.

विलोन्जा पांढरा सदरा घालून आला होता. अंगणाच्या कडेला उभा राहिला, आत ये म्हटल्याशिवाय आला नाही. सिफाने बाळ आधी माझ्याकडे दिलं आणि मी त्याच्याकडे. मधे माझे हात असल्यामुळे त्या दोघांची बोटं लागली नाहीत. बाळाने बापाकडे पाहिलं, ओठ काढला, रडायच्या बेतात आलं.

"डोकं धर. तसं नाही, खालून," सिफा लांबूनच म्हणाली. इतक्या दिवसांत ती त्याच्याशी बोललेलं ते पहिलं वाक्य.

त्याने खालून धरलं. हळूहळू बाळाचे डोळे मिटले. आम्ही जेवायला वाढलं. सिफाने ताट घेतलं, भिंतीला पाठ लावून बसली आणि सावकाश जेवली, दोनदा मागून घेतलं. विलोन्जाचं ताट तसंच पडून होतं. हात अवघडला होता, सदरा घामाने चिकटला होता, पण त्याने हात बदलला नाही. फेझा म्हणाली, "आण रे इकडे, जेवून घे." त्याने सिफाकडे पाहिलं.

सिफाने बोटं चाटून पुसली, पाणी प्यायली. मग म्हणाली, "राहू दे अजून थोडा वेळ. आत्ताच झोपलंय ते."